बॅटरीतला पडदा आणि घराची सलामती

आपल्या घरात आज किती बॅटऱ्या आहेत, हे एकदा मोजून पाहावे. अब्बूंचा मोबाईल, अम्मीचा मोबाईल, मुलांचा टॅब, लॅपटॉप, पॉवर बँक, वीज गेल्यावर लावायचा दिवा, धाकट्याची रिमोटवरची गाडी, आणि दारात ई-स्कूटर असेल तर तिची भली मोठी बॅटरी. यातल्या बहुतेक लिथियम-आयन जातीच्या असतात. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी यातली एकही कोणाच्या घरात नव्हती. आज यांच्यावाचून दिवस निघत नाही. परदेशी गेलेल्या मुलाशी बोलणे, मुलांचा अभ्यास, डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाची रोजची कमाई, सगळे त्यांच्यावर चालले आहे.

पण याच वस्तूने घरे जाळली आहेत, हेही विसरून चालणार नाही. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला एका इमारतीला आग लागली. खाली ई-स्कूटरचे शोरूम होते आणि वर लॉज. धूर जिन्याने वर चढला आणि आठ माणसे दगावली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलाने २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटरीमुळे लागलेल्या २६८ आगी आणि १८ मृत्यू नोंदवले.

अशी बातमी आली की मोहल्ल्यात दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो, ही बॅटरीची गाडी घ्यायलाच नको. कोणी म्हणतो, आता नवी पॉलिमरची बॅटरी आली आहे, तिला आग लागतच नाही. ही दोन्ही बोलणी अपुरी आहेत. बॅटरी कशामुळे पेटते, तिला सुरक्षित करण्यासाठी शास्त्रज्ञ पन्नास वर्षे कशाच्या मागे आहेत आणि ते काम आपल्या घरापर्यंत कितपत पोहोचले आहे, हे समजून घेतले तर भीतीही कमी होते आणि बेफिकिरीही.

सेलच्या आत काय असते?

ई-स्कूटरची बॅटरी म्हणजे लहान लहान सेलचा समूह असतो. असे सेल डझनावारी, कधी शेकड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक सेलच्या आत मुख्यतः चार गोष्टी असतात. एक धन बाजू, तिच्यात लिथियम असलेले धातूचे संयुग असते. एक ऋण बाजू, तिच्यात ग्रॅफाइट असते, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला काळा पदार्थ. या दोन बाजू एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक पातळ, सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. आणि या सगळ्यात मुरलेला एक द्रव असतो, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. आम्ही वर्गात जे 'विद्युत-अपघटनी' म्हणून शिकवतो, तोच हा.

बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे वीजभार असलेले कण, धन बाजूकडून निघून द्रवातून आणि पडद्याच्या छिद्रांतून ऋण बाजूकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. इलेक्ट्रॉन मात्र आतून जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेने फिरून जावे लागते, आणि त्यांच्या या फेऱ्यावरच आपला मोबाईल चालतो.

यावरून पडद्याचे काम ध्यानात येईल. आयनांना वाट द्यायची, पण दोन बाजूंना एकमेकींना भिडू द्यायचे नाही. या पडद्याची जाडी साधारण २० मायक्रॉन किंवा त्याहून कमी असते. माणसाचा केसही याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. एवढ्याशा पडद्यावर घराची सलामती उभी असते.

आग कशी लागते?

आजच्या बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट हा पाणी नसून कार्बोनेट जातीचा द्रव असतो. त्याच्या मिश्रणातले काही घटक रॉकेलहूनही लवकर पेट घेणारे असतात. पाणी वापरता येत नाही, कारण इतक्या दाबाच्या विजेने पाण्याचेच विघटन होते. म्हणजे जोर मोठा हवा म्हणून ज्वालाग्राही द्रव घेतला, असा हा सौदा आहे. सेल नीट बंद असेल आणि आतला पडदा शाबूत असेल, तोवर हा सौदा निभावतो.

पडदा निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. बॅटरी पडली, आपटली, चेपली गेली. चार्जर दुसराच लावला आणि गरजेपेक्षा जास्त वीज भरली गेली. कारखान्यात सेल बनवताना धातूचा बारीक कण आत राहिला. २००६ साली सोनी कंपनीला लॅपटॉपच्या सुमारे ९६ लाख बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या, त्या अशाच धातूच्या सूक्ष्म कणांमुळे. आणखी एक कारण आतल्या आत वाढते. फार वेगाने किंवा फार थंडीत चार्ज केल्यास सगळे लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरू शकत नाही. उरलेले वरच धातूच्या रूपात साठते. त्याला बाभळीच्या काट्यासारखे सूक्ष्म काटे फुटतात. त्यांना डेन्ड्राइट म्हणतात. काटा वाढत वाढत पडदा भोसकून पलीकडच्या बाजूला टेकला की आतच शॉर्ट सर्किट होते.

मग उष्णतेची साखळी सुरू होते. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पॉलिथीनचा पडदा वितळतो. तापमान आणखी चढले की धन बाजूतल्या संयुगातून प्राणवायू सुटू लागतो. जळण आत आहे, उष्णता आत आहे आणि प्राणवायूही आतूनच मिळू लागला. म्हणून अशा आगीवर गोधडी टाकून ती विझत नाही. एक सेल पेटला की त्याच्या धगीने शेजारचा पेटतो. निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. काही वेळा ज्वाळेपेक्षा हा धूरच आधी जीव घेतो.

हे फक्त स्वस्त मालात होते असे नाही. २०१३ च्या जानेवारीत बोइंगची ७८७ ही नवी विमाने बॅटरीच्या दोषामुळे जगभर जमिनीवर उतरवून ठेवली होती. २०१६ साली सॅमसंगला नोट ७ हा फोन बाजारातून कायमचा मागे घ्यावा लागला. ज्यांच्याकडे उत्तम प्रयोगशाळा आहेत त्यांचीही ही गत झाली, कारण मूळ अडचण द्रवात आणि त्या नाजूक पडद्यात आहे.

द्रवच काढून टाकला तर?

द्रवाच्या जागी अशी एखादी घन पातळ चादर ठेवता आली, की जिच्यातून लिथियमचे आयन जातील, जी स्वतःच पडद्याचेही काम करील आणि जिच्यातून काही गळणार नाही, तर निम्मी काळजी मिटेल. या चादरीलाच पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचा पडदा म्हणतात. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. प्लास्टिक हे पॉलिमरच. पण प्लास्टिक तर वीज अडवते, म्हणूनच तारेवर त्याचे आवरण असते. मग त्यातून वीजभार जाणार कसा?

याचे उत्तर १९७३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून मिळाले. पॉलिइथिलीन ऑक्साइड नावाचे एक पॉलिमर आहे. औषधांत आणि मलमांत जे पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात, त्याचेच हे लांब साखळीचे भावंड. मीठ जसे पाण्यात विरघळते तसे काही धातूंचे क्षार या पॉलिमरमध्ये विरघळतात, असे त्यांना आढळले. पुढे या मिश्रणातून आयन वाहतात हेही दिसले. १९७८ साली फ्रान्सच्या ग्रनोब्ल शहरातील मिशेल आर्मां यांनी हे पॉलिमर बॅटरीत द्रवाच्या जागी वापरावे, अशी कल्पना मांडली.

आयन त्यातून कसा जातो, ते दस्तरख्वानाच्या उदाहरणाने समजेल. मोठ्या दस्तरख्वानावर टोकाला बसलेल्या मेहमानाला पाण्याचा प्याला हवा असतो. कोणी उठत नाही. प्याला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, असा शेवटपर्यंत जातो. या पॉलिमरच्या साखळीत ठराविक अंतरावर ऑक्सिजनचे अणू असतात, ते या हातांसारखे. लिथियमचा आयन एका ऑक्सिजनने सोडला की पुढचा धरतो. त्यासाठी साखळी सतत थोडी थोडी हलत राहावी लागते. हात आखडून बसले तर प्याला पुढे जात नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी अडचण हीच आहे.

फेस शहराचा विद्यार्थी

याच ग्रनोब्ल शहरात त्या काळी मोरोक्कोचा एक तरुण शिकत होता. रशीद यझामी. १९५३ साली फेस शहरात त्यांचा जन्म झाला. हे तेच फेस, जिथली अल-करवियीन ही मस्जिद आणि विद्यापीठ ८५९ साली फातिमा अल-फिहरी या महिलेने स्थापन केले, असे परंपरेने मानले जाते.

त्या वेळी ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम बसवून पुन्हा बाहेर काढता येईल का, असा प्रश्न संशोधकांपुढे होता. द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये प्रयत्न केला की लिथियमबरोबर द्रवाचे रेणूही थरांत घुसत आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटून येत. यझामी यांनी द्रव बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी पॉलिइथिलीन ऑक्साइडचा घन इलेक्ट्रोलाइट वापरला. घुसायला द्रवच नसल्यामुळे ग्रॅफाइट शाबूत राहिले. लिथियम आत गेले आणि परतही आले. १९८० च्या सुमारास केलेले हे काम त्यांनी आपले सहकारी फिलिप तुझां यांच्यासह १९८३ साली प्रसिद्ध केले.

पुढे १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ग्रॅफाइटला न सोलणारे द्रव नंतर सापडले आणि आज जगातल्या बहुतेक मोबाईलमध्ये ऋण बाजूला ग्रॅफाइटच असते. म्हणजे आपल्या खिशातल्या बॅटरीचा एक पाया घन पॉलिमरच्या मदतीने घातला गेला. उद्योगाने पाया ठेवला आणि पॉलिमर मात्र बाजूला राहिले.

२०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने ड्रेपर पारितोषिक जॉन गुडइनफ, योशियो निशी, अकिरा योशिनो आणि रशीद यझामी या चौघांना दिले. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. यझामी त्या यादीत नव्हते, पण त्यांचे काम प्रत्येक फोनमध्ये आहे. आपल्या मुलांना इब्ने सीना आणि अल-ख्वारिझ्मी यांची नावे आपण सांगतो, सांगायलाच हवीत. त्यांच्याबरोबर आजच्या या नावाचीही ओळख द्यावी. इल्मचा वारसा जुन्या किताबांत जसा आहे, तसा तो प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपणाऱ्या माणसांतही आहे.

अडचण कुठे आहे?

मग पन्नास वर्षांत ही पॉलिमरची चादर घरोघरी का आली नाही? कारण पॉलिइथिलीन ऑक्साइड खोलीच्या तापमानाला तुपासारखे थिजलेले असते. त्याच्या साखळ्यांचा बराच भाग एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकरूप होतो. साखळ्या हलत नाहीत, म्हणून आयन पुढे सरकत नाहीत. द्रवाशी तुलना केली तर आयनांची वाहतूक हजार पटींनी, काही वेळा त्याहूनही कमी होते. साधारण ६० अंशांच्या पुढे ते मऊ होते आणि मग काम नीट चालते.

ही अडचण मान्य करूनही एका कंपनीने गाड्या चालवून दाखवल्या. फ्रान्सच्या बोलोरे समूहाने पॉलिमर इलेक्ट्रोलाइट आणि लिथियम धातूची बॅटरी तयार केली. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात 'ओतोलिब' नावाने भाड्याने मिळणाऱ्या हजारो लहान मोटारी याच बॅटरीवर धावल्या. बॅटरी गरम ठेवावी लागे, म्हणून गाडी उभी असतानाही ती विजेला जोडलेली असे. शहराच्या भाड्याच्या गाडीला हे जमते. आपल्या खिशातल्या मोबाईलला कसे जमणार?

दुसरी अडचण ताकदीची आहे. साखळ्या सैल कराव्यात तर आयन झपझप जातात, पण चादर मऊ पडते आणि लिथियमचे काटे तिला भोसकतात. चादर कडक करावी तर काटे अडतात, पण आयनही अडतात. कणकेचेही असेच असते. सैल मळली तर पोळी फाटते, घट्ट मळली तर लाटली जात नाही. पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचे सगळे संशोधन या दोन टोकांमधली नेमकी जागा शोधण्याचे आहे. तिसरी अडचण अशी की, हे पॉलिमर विजेच्या फार मोठ्या दाबाला टिकत नाही. सुमारे चार व्होल्टच्या आसपास ते बिघडू लागते.

आणि घन म्हटले म्हणजे आग नाही, असेही नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या दोन विजेच्या बस एका महिन्याच्या आत पेटल्या. त्यांत याच समूहाच्या घन पॉलिमर बॅटऱ्या होत्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण शहराच्या परिवहन संस्थेने त्याच प्रकारच्या १४९ बस तात्पुरत्या रस्त्यावरून काढल्या. द्रव नसला तरी पॉलिमर स्वतः जळू शकते आणि लिथियम धातू तर सहज पेटतो. धोका कमी करणे आणि धोका संपवणे यात फरक आहे.

आजचे प्रयत्न

या अडचणींवर अनेक वाटांनी काम चालू आहे. पहिली वाट भेसळीची, पण चांगल्या अर्थाने. १९९८ साली रोमच्या संशोधकांनी पॉलिमरमध्ये टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी मिसळली. भुकटीमुळे साखळ्या थिजत नाहीत आणि चादरीला बळही येते. आज ही वाट पुढे नेऊन अशी भुकटी मिसळतात, की जिच्यातून स्वतः लिथियमचे आयन जाऊ शकतात.

दुसरी वाट आधाराची. कापडाला अस्तर लावावे तसे मऊ पॉलिमर एखाद्या मजबूत, न जळणाऱ्या पातळ पटलाच्या छिद्रांत भरायचे. २०१९ साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉलिइमाइड या उष्णतेला दाद न देणाऱ्या प्लास्टिकच्या उभ्या छिद्रांत असे पॉलिमर भरून ९ मायक्रॉनहून कमी जाडीचा पडदा बनवला गेला. आयनांना सरळ वाट मिळते आणि काट्यांना आडवी भिंत.

तिसरी वाट जेलची आहे, आणि ती बाजारात आलेली आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बेलकोअर प्रयोगशाळेने फ्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या पडद्यात द्रव इलेक्ट्रोलाइट शोषून घेऊन जेल तयार केले. खीर दाट झाली की जशी ताटात पसरत नाही, तसा हा द्रव जेलमध्ये अडकून राहतो. गळण्याची भीती कमी होते आणि खोलीच्या तापमानालाही काम चालते. पण आत द्रव आहेच.

इथे ग्राहकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मोबाईल किंवा पॉवर बँकेवर 'लिथियम पॉलिमर' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आत वर सांगितलेली घन चादर आहे, असा होत नाही. बहुतेक वेळा ती लवचीक पाकिटात बंद केलेली, जेलची किंवा साध्या द्रवाचीच बॅटरी असते. दुकानदाराने 'पॉलिमर आहे, काही होत नाही' असे सांगितले तरी काळजी तितकीच घ्यायची.

ई-स्कूटर घेताना एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीबद्दल अवश्य विचारावे. तिच्यातही इलेक्ट्रोलाइट द्रवच असतो, पण तिची धन बाजू तापल्यावर सहजासहजी प्राणवायू सोडत नाही. म्हणून ती तुलनेने सौम्य मानली जाते. २०२२ च्या आगीच्या घटनांनंतर केंद्र सरकारने नियमही कडक केले. 'एआयएस १५६' या मानकातील नव्या अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. गाडीची बॅटरी या मानकात बसते का, हे दुकानात स्पष्ट विचारावे. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या कमी ताकदीच्या गाड्यांना आरटीओची नोंदणी लागत नाही, म्हणून त्या घेताना स्वतः दुप्पट चौकशी करावी.

तोपर्यंत आपल्या घरात

सुरक्षित पडद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आज हातात असलेले उपाय करावेत. रात्री झोपताना घरात विस्तव पेटता ठेवू नये, दिवे विझवावेत, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्यामागचे कारणही सांगितले आहे, की उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घरच्यांसकट घर जळते. म्हणजे आग कोणत्या वाटेने येते ते ओळखून झोपण्याआधी ती वाट बंद करायची. आज दिव्याच्या वातीच्या जागी चार्जिंगची वायर आली आहे. शिकवण तीच आहे.

म्हणून इशानंतर गाडीची बॅटरी चार्जिंगला लावून झोपण्याचा रिवाज बंद करावा. फजरनंतर किंवा संध्याकाळी, घरात कोणी जागे आणि जवळ असताना ती लावावी. भरली की काढावी.

बॅटरी गादीवर, सोफ्यावर, उशीखाली किंवा पडद्याजवळ चार्ज करू नये. फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवावी. घराच्या एकमेव दाराजवळ किंवा जिन्यात ती कधीही लावू नये. तिथे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. चाळीत आणि इमारतीत राहणाऱ्यांनी तर हे शेजाऱ्याचा हक्क म्हणून पाळावे. जिना सगळ्यांचा असतो.

कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा. प्लग सैल असेल, वायर सोललेली असेल तर ती बदलावी. उन्हातून गाडी चालवून आल्यावर बॅटरी तापलेली असते. ती थंड होऊ द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

बॅटरी फुगली, तिला गोडसर किंवा उग्र वास येऊ लागला, हाताला चटका बसेल इतकी तापू लागली किंवा जोरात आपटली, तर ती पुन्हा चार्ज करू नये. फुगलेला मोबाईल दाबून बसवू नये, टोचू नये. जुने सेल काढून नवे टाकून देणाऱ्या ठेल्यावर गाडीची बॅटरी उघडायला देऊ नये. चार पैसे वाचतात, पण सेलमधले मोजमाप बिघडते.

निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचरागाडीत ती दबली तर तिथे आग लागते आणि ती सफाई कामगाराच्या जिवावर बेतते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात किंवा सेवा केंद्रात ती द्यावी.

आणि अल्लाह न करो, आग लागलीच, तर सामान वाचवायला थांबू नये. मुले आणि बुजुर्ग यांना घेऊन बाहेर पडावे, खोलीचे दार ओढून घ्यावे, शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. धुरात वाकून चालावे. आग विझल्यासारखी दिसली तरी अशी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून जवान येईपर्यंत तिच्याजवळ जाऊ नये.

आपली मुले आणि हे काम

पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचे काम आपल्या देशातही होत आहे. तामिळनाडूतील कराईकुडी येथे केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांतही विद्यार्थी असे पडदे ओततात, सुकवतात, तापवतात आणि त्यांतून किती आयन जातात ते मोजतात. त्यासाठी लागणारा पाया बारावीच्या रसायनशास्त्रात आहे. आपल्याकडे बारावी विज्ञान म्हटले की घरातून डॉक्टर आणि इंजिनियर अशी दोनच नावे निघतात. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून पदार्थविज्ञानात संशोधन करता येते, त्यासाठी शिष्यवृत्त्या असतात, हे मुलींना आणि मुलांना कोणी सांगतच नाही. आपण सांगायला हवे.

एक जीव वाचवण्याचे मोल आपल्या दीनमध्ये किती मोठे आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. जो कोणी असा पडदा बनवील की जो फाटणार नाही, जळणार नाही आणि आयनांना वाटही देईल, त्याच्या हातून न पाहिलेल्या कितीतरी घरांची हिफाजत होईल. ते काम मोठे आहे आणि त्याला वेळ लागेल. आज रात्री चार्जिंगचा प्लग काढून झोपणे हे मात्र आपल्यातल्या प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. अल्लाह आपल्या सर्वांची घरे सलामत ठेवो. आमीन.